सवतीसाठी सरकी काढली

माझी सवत लाकडाची होती. मालाचे मोठमोठे बार्ज ओढून बंदरात आणणारी बोट, टग म्हणतात तिला. आमचे हे तिचं इंजिन सांभाळायचे. आम्ही धुळ्याचे, देवपुरात राहतो. इथे पांझरेला जरा पाणी आलं तरी लोक पुलावर बघायला जातात, आणि हे महाराज थेट समुद्रावर! यांच्या मोबाइलवर फोटो कुणाचा? माझा नाही, पोरांचा नाही. तिचा.

लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, पावसाळ्यात समुद्र बंद असतो, चार महिने तरी नवरा आपला. कुठलं काय! तेव्हा तिला किनाऱ्यावर ओढून घ्यायचं, खरवडायचं, फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकून बसवायची, वरून राळ आणि तेल. माझं डोकं दुखलं तर या माणसाने कधी तेलाचं बोट लावलं नाही.

एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हे चार दिवस घरी आले. मी झोक्यावर बसले होते, तर समोर येऊन म्हणतात, "बंदरातला कापूस नुसता कचरा गं. तुझ्या माहेरून आलाय त्यातला दे पोतंभर. सरकी हाताने काढून दे." माझं माहेर बोदवडकडचं, कापूस पांढराशुभ्र. सासूही म्हणाली, "दी दे ना माय, घरमा पडेल शे."

बसले सरकी काढत. बोटं सोलवटली. कुणासाठी, तर सवतीसाठी! दुसऱ्या दिवशी डोकंच फिरलं. कोपऱ्यात कवडी पडली होती. किडका, पिवळा, काड्यापानांनी भरलेला कापूस, व्यापारीसुद्धा ज्याला नाक मुरडतो तो. पोत्यात सगळी कवडी कोंबली, वर वीतभर चांगला कापूस पसरला आणि तोंड शिवून टाकलं. दिवाळीच्या साडीने झाला नव्हता एवढा आनंद झाला मला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर बोट बुडाली. लाटांत बार्ज ओढताना फळ्या उघडल्या, पाणी शिरलं. माणसांना दुसऱ्या बोटीने वेळेवर उचललं. किनाऱ्यावरच्या खोलीतली पेटी आणि एक उशी घेऊन हे घरी आले, आणि ओट्यावर बसून हमसून हमसून रडले. माझ्यासाठी रडले असते का एवढे, असं आधी मनात आलं. मग ते पोतं आठवलं. फळ्या उघडल्या म्हणजे माझीच कवडी! हे बुडाले असते तर?

दोन महिने घास उतरला नाही. शेवटी एका दुपारी ज्वारी निवडता निवडता बोलून टाकलं, "अहो, त्या पोत्यात कवडी होती. मीच भरली."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शेतकऱ्याचं पोर आहे मी. पोत्यात हात घातला तेव्हाच कळलं. बोटीला बंदरातलाच कापूस लावला. तिचं लाकूडच सडलं होतं, कापूस काय करणार?"

"मग माझा कापूस?"

त्यांनी पलंगावरच्या उशीकडे हात केला.

"कळलं होतं तर फोनवर शिव्या का नाही घातल्या?"

"शिव्या कशाला? घरी कुणीतरी आपल्यावरून जळतंय, बरं वाटलं."

मी कात्री घेऊन उठले. म्हटलं, आणा इकडे, चांगला कापूस भरते. त्यांनी उशी ओढून घेतली. "राहू दे. टोचते, पण सवय झालीय."

मोबाइलवर फोटो मात्र अजून तिचाच आहे.