वजनकाकांचा तिसरा गोळा

आमच्या तारांगणात सगळे त्यांना वजनकाका म्हणायचे. फिटर होते. एखादा नट तळहातावर घेऊन दोनदा हलवायचे आणि किती ग्रॅमचा ते सांगायचे. मी तिथला व्याख्याता, म्हणजे दिवसातून चार वेळा तीच टेप वाजवणारा माणूस. मला तोंड होतं, त्यांना हात होते.

दालनाच्या मधोमध तीन ताऱ्यांचं मॉडेल आहे, ते त्यांचंच. आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोन पितळी गोळे, एक मोठा, एक लहान, एकमेकांभोवती फिरणारे. तिसरा लांब हातावर, त्या जोडीभोवती सावकाश फेरी मारणारा. लोक हटकून विचारतात, जोडीच्या मधे काय आहे? मधे काहीच नाही. दोघांचा तोल जिथे जमतो ती नुसती जागा.

पहिल्या खेपेला काकांनी दोन्ही गोळे मधल्या आसापासून सारख्याच अंतरावर बसवले आणि मॉडेल थडथडायला लागलं. डबा द्यायला आलेल्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अहो, सी-सॉवर जाडं पोर पुढे सरकून बसतं ना? मग मोठ्याला मधे सरकवा की." सरकवला. पुढे वीस वर्षं त्या मॉडेलने कुरकुर केली नाही.

"इंजिनियर घरी आहे," काका सांगायचे, "मी आपला हमाल." आणि तिसऱ्या गोळ्याकडे बोट दाखवून, "ही आमची लेक. येते, पण तिच्या सवडीने." लेक लांबच्या शहरात नोकरीला होती, दर मे महिन्यात आठ दिवस यायची. काका एप्रिल लागताच रजेचा अर्ज टाकून मोकळे.

एका जानेवारीत काकू गेल्या, भांडी घासता घासता. लेक पंधरा दिवस राहिली. निघताना "बघते, बाबा" एवढंच म्हणाली. एरवी ती तारीख सांगून जायची.

त्यानंतर एका दुपारी, दोन खेळांच्या मधे, काकांनी चहा पिता पिता विचारलं, "सर, जोडीतला एक तारा एकदम नाहीसा झाला, तर तिसऱ्याचं काय होतं?"

मला काय, असा प्रश्न म्हणजे मेजवानीच. "जोडीचं निम्म्याहून जास्त वजन गेलं तर तिसरा सुटतो, काका. तो परत येत नाही. निम्म्याहून कमी गेलं, तर लांबच्या वाटेने का होईना, येतो."

"दोघांत जड कोण, ते कसं कळतं?"

"सोपं आहे. जो कमी हलतो तो जड. हलका जास्त फिरतो."

काकांनी कप खाली ठेवला. "मग जड ती," म्हणाले. "ती जागची हलायची नाही. घरभर मीच नाचायचो."

तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण खेळाची घंटा झाली आणि मी आत पळालो. ती घंटा मला आजही नको वाटते.

त्या एप्रिलमध्ये अर्ज आला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "सुटली ती, सर. ओढून कोणी येत नसतं." मी आपलं "असं काही नसतं हो" म्हटलं, जसं आपण सगळेच म्हणतो.

मे महिन्यात मॉडेल थडथडायला लागलं. मी काकांवर चिडलो, नको ते बोललो, हात थरथरायला लागले का म्हणालो. शेवटी मीच स्क्रूड्रायव्हर घेऊन लहान गोळा उघडला. आतून तो पोकळ असायचा, आता शिशाने ठासून भरला होता.

"माझं थोडं वजन वाढवून बघितलं," काका म्हणाले. खाली बघत, चोरी पकडल्यासारखे.

महिना संपायला चार दिवस होते. लेक आली नाही. पुढच्या मे महिन्यातही नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरात काका गेले.

लेक आली तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, स्वच्छ आवरलेल्या. खुंटीवर काकूंची पिशवी तशीच. ती रडत नव्हती, नुसती बसली होती. बोलता बोलता म्हणाली, "आई दर एप्रिलमध्ये फोन करायची. कधी निघतेस, म्हणून. बाबांचा फोन आलाच नाही. दोन वर्षं वाट बघितली, सर. मला वाटलं, आईशिवाय त्यांना मी नकोय."

गणित मी बरोबर सांगितलं होतं, त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. फक्त एक वाक्य राहिलं होतं: तारे एकमेकांना फोन करू शकत नाहीत, काका, तुम्ही करू शकता.

ते मी तिलाही सांगू शकलो नाही. तारांगणातून आणलेला लहान गोळा खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला. तिचा हात खाली गेला.

"एवढासा, आणि केवढा जड आहे हो," ती म्हणाली. "बाबांनी केला?"

"हो," मी म्हटलं. "तुझ्यासाठी."