अब्बांच्या पंगतीत अर्धी बोटी नाही

घाबरलं की लोकांना घाम फुटतो, जिक्राला हसू फुटायचं. लहानपणापासूनची खोड. वडील निजामोद्दीन नांदेडचे नावाजलेले बावर्ची. मुदखेड-उमरीपर्यंत लग्नाच्या बिर्याणीच्या देगा त्यांच्याच. लेकीने मात्र रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि लातूरच्या एका क्लासमध्ये नोकरीसाठी डेमो लेक्चर द्यायला आली. नोकरी मनापासून हवी होती, त्यामुळे खडू हातात घेतल्यापासूनच ती ओठांत हसू दाबत होती.

मागच्या बाकावर क्लासचे मालक चन्नबसप्पा सर हाताची घडी घालून बसलेले. जिक्राने फळ्यावर गणित मांडलं. हिमोग्लोबिनमध्ये लोह ०.३३ टक्के, लोहाचं अणुवस्तुमान ५६, तर हिमोग्लोबिनचं किमान रेणुवस्तुमान किती? छप्पन्न गुणिले शंभर, भागिले ०.३३. उत्तर आलं साधारण सतरा हजार. ती खुशीत वळली, तर पहिल्या बाकावरची शिल्पा उभी. पुस्तकात सदुसष्ट हजारांच्या आसपास दिलंय म्हणाली. मॅडमचं चुकलं.

जिक्राने ओढणी तोंडाला लावली, हसू गिळलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"आमचे अब्बा बिर्याणी वाढतात, तवा कुणाच्या ताटात अर्धी बोटी पडत न्हाई. वाढायची तर अख्खी."

मग गाडी सुसाट सुटली. मटणाची एक बोटी पन्नास ग्रॅमची. ताटात वजनाच्या दहा टक्के बोटी असेल, तर लहानात लहान ताट अर्ध्या किलोचं, कारण एक तरी बोटी हवीच. पण पाहुणा तगडा असला, त्याला चार बोट्या वाढल्या, तर ताट दोन किलोचं आणि टक्के तेच दहा. टक्क्यांवरून फक्त सगळ्यात लहान ताट कळतं. हिमोग्लोबिन हा तसला तगडा पाहुणा, त्याच्या ताटात लोहाचे चार अणू. शिल्पाने सतराची चौपट केली आणि हसत खाली बसली. वर्गात खसखस पिकली.

तेवढ्यात जिक्राची नजर चन्नबसप्पा सरांच्या कपाळावरच्या भस्माच्या पट्ट्यांवर गेली. ज्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजलं नसेल, त्यांना तिने भर वर्गात चार बोट्या वाढल्या होत्या. नोकरी गेलीच म्हणायची.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"शिकवणं झकास हाय, मॅडम. फकस्त बोटीच्या जागी वांगं घ्या."

मान हलवली की काम फत्ते. पण तिच्याने राहवेना.

"वांगं अर्धं वाढता येतं, सर. अणू अर्धा होत न्हाई."

"अर्धी तर बोटीबी होती की."

"आमच्या अब्बांच्या पंगतीत न्हाई होत."

शर्टाआड सरांचं पोट हसण्याने गदगदू लागलं. "मंग बोटीच ऱ्हाऊ द्या," ते डोळे पुसत म्हणाले. "सोमवारपासून या."

जिना उतरताना जिक्राला पुन्हा हसू फुटलं, आणि या खेपेला ती अजिबात घाबरलेली नव्हती.