नवसाबाईची फुली

नवसाबाईच्या घरात घड्याळ नव्हतं, आणि तरी एकलहऱ्याच्या कामगार कॉलनीतली निम्मी माणसं तिच्या भरवशावर वीज केंद्रात वेळेवर पोचायची. पहाटे साडेपाचला ती गावातून दुधाच्या दोन किटल्या घेऊन कॉलनीत शिरायची. ज्याच्या दारावर खडूची फुली, तो सातच्या पहिल्या पाळीचा. त्याची कडी वाजवायची. ज्याच्या दारावर गोल, तो दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी आलेला. त्याला उठवायचं नाही, भांड्यात दूधसुद्धा बिनआवाजी ओतायचं. बाईला अक्षर येत नव्हतं, म्हणून ही लिपी तिनेच काढली होती. रतीब हा तिचा धंदा. उठवणं फुकट, पण तोरा सगळा त्याचाच.

नऊ वर्षं कड्या वाजवून तिला माणसांची झोप चेहऱ्यावरून वाचता यायला लागली होती. खंडेराव फिटर रात्री दहाला मटणावर ताव मारून लगेच आडवा व्हायचा. सकाळी दार उघडलं की आधी त्याचा ढेकर बाहेर यायचा, मग तो. "अरं दादा, ताटावरनं उठून थेट गोधडीत, मंग तुझ्या पोटानं झोपायचं कधी?" ती भर गल्लीत विचारायची. सोमा उशाशी रेडिओ लावून झोपायचा. त्याचे लाल डोळे बघून ती म्हणायची, "रातभर कानात बाजार भरतो याच्या!" लोक हसायचे, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच करायचे. जित्याची खोड.

पण खरा नमुना मल्हारी. निफाडकडचा, सव्वीस वर्षांचा, बॉयलरवर मदतनीस. त्याला उठवणं म्हणजे विहिरीत पडलेली म्हैस वर काढणं. "उठलो, मावशी!" असं तो खणखणीत ओरडायचा, आणि ते झोपेतच. मग नवसाबाईने नियम केला, की स्वतः बाहेर येऊन पातेलं पुढे करायचं. एके दिवशी त्याने पातेलं पुढे केलं, दूध घेतलं, आत गेला आणि पातेलं मांडीवर ठेवून भिंतीला टेकून पुन्हा घोरायला लागला.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. त्याला उशिराबद्दल दोन मेमो मिळाले होते. साहेबांनी बजावलं होतं, या महिनाअखेरपर्यंत एकदा जरी उशीर झाला तर कायम करणार नाही. कायम झाला तर या एका खोलीऐवजी बिऱ्हाडाचं क्वार्टर मिळणार होतं, आणि क्वार्टर मिळालं तर त्याची बायको मैना आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन येणार होती. लेकीला त्याने आजवर तीनदाच बघितलं होतं. हे ऐकताना नवसाबाईला भरून आलं, आणि भरून आलं की ती जास्तच रागवायची.

एकदा ती दिवेलागणीला खरवस द्यायला गेली, तर गडी तोंडावर पांघरूण घेऊन ढाराढूर! तीनला पाळी सुटायची, तो जेवून सातपर्यंत ताणून द्यायचा, मग टपरीवर चहावर चहा आणि बारापर्यंत पत्ते.

"तिन्हीसांजेला झोपतो? अरं, झोपेचा भात तू संध्याकाळीच खाऊन बसतो, मंग रातच्याला भूक कुठनं लागंल? उद्यापासनं तीनला सुटला की माझ्याकडं चारा कापायला यायचं. दिवे लागले की चहा बंद. नवाला आडवं व्हायचं. पत्ते नाय न् बित्ते नाय!"

मल्हारी मुकाट चारा कापू लागला. पहिले दोन दिवस विळ्यासकट पेंगला. आठव्या दिवशी पहिल्या कडीला दार उघडलं. तिसऱ्या आठवड्यात तर तिची पावलं ऐकूनच तो पातेलं घेऊन उभा!

"मावशी, तुम्ही किती वेळ झोपता?" त्याने एकदा चारा कापता कापता विचारलं.

"मला झोप लागतच नाय," ती ऐटीत म्हणाली. "डोळा लागतो न लागतो तोच शुक्र उगवतो."

खरं म्हणजे लागायची, पण ती लागू द्यायची नाही. नवरा गेल्यापासून घरात उठवणारं कुणी नव्हतं. आपण झोपून राहिलो तर काय, या धास्तीने ती रात्रीतून तीनदा उठून आभाळ बघायची आणि दिवसा दूध मोजताना डुलक्या काढायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या रात्री तिने ठरवलं, आज पाठच टेकायची नाही. आपला डोळा लागला तर पोराचा संसार बुडेल. म्हणून ती गोठ्यात जाऊन म्हशीच्या पाठीला टेकून बसली. आणि निजेला धोंडासुद्धा चालतो, इथे तर ऊबदार म्हैस होती.

जाग आली ती भोंग्याने. सातचा भोंगा! पत्र्याच्या फटीतून ऊन थेट तोंडावर आलेलं. किटल्या तिथेच टाकून नवसाबाई अनवाणी धावत सुटली. "बुडवलं गं बाई पोराला, मी बुडवलं," असं वाटभर बडबडत ती कॉलनीत पोचली.

मल्हारीच्या दाराला कुलूप होतं. सोमाच्याही. फुलीच्या प्रत्येक दारातला माणूस कामावर गेलेला.

"मल्हारीनं उठवलं सगळ्यांना," खंडेरावची बायको म्हणाली. "कड्या उपटायच्याच बाकी ठेवल्या मेल्यानं! तुम्ही आला नाही म्हणून आधी तुमच्या घरी जाऊन आला म्हणे. बरं नाही का?"

"बरी हाय की," नवसाबाई म्हणाली आणि मागे वळली. दूध काढायचं राहिलं होतं, म्हैस हंबरत असणार.

गोठ्याच्या दाराशी ती थबकली. धावत बाहेर पडताना तिने दार बघितलंच नव्हतं. फळीवर, बरोबर मधोमध, खडूचा मोठा गोल काढलेला होता.

नऊ वर्षांत तिला कुणी झोपू दिलं नव्हतं. तिने स्वतःही नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली, आणि मग म्हशीला शिव्या घालत धार काढायला बसली. त्या दिवशी रतीब नऊला पोचला. कुणी चकार शब्द काढला नाही.

रात्री नवसाबाई नऊला आडवी झाली, आणि शुक्र बघायला एकदाही उठली नाही.