मीराच्या कॉम्प्युटरचे दिघेकाका

दिघेकाका मुलीच्या खोलीत जाताना दारावर टकटक करत. मीराला जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी ते क्षणभर थांबत आणि मगच आत शिरत. आत तिचा कॉम्प्युटर होता. भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांसाठी ती त्यावर नक्षी काढायची. काका रोज तो सुरू करून तिची चित्रं बघत बसत. मी शेजारची, शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी. काही अडलं की हाक येई, "सुलभा, जरा देख तो. आरामसे ये, घाई कोणाला आहे?"

एका उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. देवास गेटजवळच्या दुकानदाराने तसाच जुना मिळवून बसवला, तर कॉम्प्युटर चालवणारी सिस्टिम लायसन्स मागू लागली.

"अंकल, लाइसेंस पहलेवाले बोर्ड के साथ था. वो गया, तो ये भी गया."

"पर मशीन तो हमारी है ना, भैया?"

"मशीन आपकी. सिस्टम बस चलाने को मिला था. छोड़ो, क्रैक डाल देता हूँ, बिना लाइसेंस के चलेगा."

नवं लायसन्स घ्यायला काका तयार होते; पण आता मिळणारी सिस्टिम त्या जुन्या मशीनला पेलणारी नव्हती. रिक्षात कॉम्प्युटर मांडीवर धरून ते म्हणाले, "तिची एक वेलीची नक्षी कोणा व्यापाऱ्याने चोरून छापली होती. त्या दिवशी जेवली नव्हती पोरगी. तिच्या मशीनमध्ये चोरीचा माल कसा घालू?"

मी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम सुचवली. आधी पेनड्राइव्हवरून चालवून दाखवली, म्हणजे तिच्या फायलींना धक्का लागणार नव्हता.

"हे कोणाचं?"

"सगळ्यांचं, काका. कितीही मशीनवर घाला."

"म्हणजे उद्या कोणी काढून घेणार नाही?"

"नाही."

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "ती असती तर तिनंच करून दिलं असतं. मला विचारलंही नसतं."

लिनक्स बसवल्यावर चित्रं उघडली, पण रंग जरा वेगळे दिसत होते. काका अस्वस्थ झाले. "हा लाल तिचा नाही." मीराच्या नक्षीचा एक छापलेला रुमाल पडद्याशेजारी धरून ते सांगत गेले, मी रंग जुळवत गेले. अखेर जुळला. "आता आली," ते म्हणाले आणि चष्मा काढून खिशात ठेवला.

थंडीत काका झोपेतच गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. मीरा गेल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. काका आत असले की त्या स्वयंपाकघरात उगाच भांडी विसळत राहत. त्या दिवशी मात्र खुर्चीवर येऊन बसल्या.

"रोज काय बघायचे ते? मला दाखव."

मी एक चित्र उघडलं. काठाला बारीक कोयऱ्या होत्या. काकू पुढे वाकल्या.

"हे माझ्या लग्नातल्या शालूचे काठ आहेत. मागितला होता तिनं बघायला. मी म्हटलं, काढते नंतर ट्रंकेतून, ते राहूनच गेलं. कधी बघितला गं तिनं?"

मी दुसरं चित्र उघडायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. हेच राहू दे."