पीठ जरा जाडसर काढा

भुताखेतांचे किस्से सुरू झाले की उठून जाणाऱ्यांतला मी. तीस वर्षं उरणला एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. मशिनमधून आवाज आला की कुठलं बेअरिंग गेलंय ते शोधायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... पण मुलीला सांगता येत नाही आणि पोटात ठेवताही येत नाही.

माझी बायको सुनंदा नऊ वर्षांपूर्वी गेली. शेहेचाळीस वर्षांची होती. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. मुलगी लीना लग्न होऊन नाशिकला. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा मी मुरुडला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. समुद्राजवळ राहू या असं सुनंदा नेहमी म्हणायची, दुसरं काही कारण नाही. इथे मला कोणी ओळखत नव्हतं. तिला तर कोणी पाहिलेलंच नाही. घरात तिचा फोटोसुद्धा लावलेला नाही — समोर फोटो असला की मला जेवण जात नाही.

गोष्ट गेल्या श्रावणातली. दिवस गुरुवार. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तीन दिवसांत मी माणसाशी धड चार शब्द बोललो नव्हतो. सकाळी छत्री घेऊन निघालो. स्टँडजवळच्या मेडिकलमधून बीपीच्या गोळ्या घेतल्या, एक नारळ घेतला आणि गिरणीवर गेलो. आदल्या संध्याकाळी तांदूळ दळायला टाकले होते.

गिरण कमलताई चालवतात. पन्नाशीच्या, बोलक्या. डबा पुढे सरकवत म्हणाल्या, "घ्या भाऊ. वहिनींनी सांगितलं तसं जाडसर काढलंय."

"कोण वहिनी?"

"तुमची मंडळी! काल तुम्ही गेलात, मागून आल्या. म्हणाल्या, ह्यांच्या डब्यातलं पीठ जरा जाडसर काढा. बारीक असलं की ह्यांचं घावन तव्याला धरतं."

"ताई, मी एकटा राहतो."

"असं कसं? म्हात्र्यांचा डबा म्हणून हात लावून दाखवला त्यांनी."

दुसऱ्या कोणाचा तरी निरोप असेल, असं काहीतरी पुटपुटून मी डबा उचलला. पण घावन धरतं हे खरं होतं. आठ महिने मी घावनं करत होतो आणि आठ महिने ती उलथन्याने खरवडून खात होतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कोणाला?

घरी येऊन वाल सोलायला बसलो. मोड आलेले वाल सोलणं हे दोन माणसांचं काम आहे. गप्पा मारत बसलं की कधी संपतं कळत नाही. एकट्याला दीड तास लागला. बिरडं केलं, नारळाचं दूध घातलं, मग पीठ कालवून तव्यावर टाकलं. झाकण काढलं तर कडा आपोआप सुटलेल्या, मध्ये छान जाळी! मी तीन घावनं खाल्ली. चौथं उगाचच केलं आणि झाकून ठेवलं.

दुपारी केबल गेली. लीनाने आमच्या जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून पाठवल्या होत्या. दोन महिने ते पाकीट मी उघडलंच नव्हतं. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, उघडलं. लीनाचा दहावा वाढदिवस. क्वार्टरच्या स्वयंपाकघरात पाच बायका पुऱ्या लाटतायत — सुनंदा, तिची बहीण, शेजारणी. कॅमेरा माझ्या हातात. सुनंदा वळून म्हणते, "अहो, ते बंद करा आणि पुऱ्या लाटायला या." किती वर्षांनी तो आवाज ऐकला... मी तेवढाच तुकडा परत परत लावत होतो.

चारच्या सुमारास दार वाजलं. डोक्यावर प्लॅस्टिक घेऊन कमलताई उभ्या. "भाऊ, गोळ्या गिरणीवरच विसरलात. म्हटलं बीपीच्या हायत, देऊन यावं."

मी 'या' म्हणेपर्यंत त्यांची नजर टीव्हीकडे गेली. चित्र थांबवलेलं होतं. पाचही बायका दिसत होत्या.

"ह्या काय! आणि म्हणता एकटा राहतो." त्यांनी सरळ सुनंदाकडे बोट केलं. जराही न घुटमळता.

मी म्हणालो, "ताई, नीट बघा. हीच होती?"

"मग काय! हीच हनुवटी, हाच तीळ. फक्त जुना व्हिडिओ हाय ना, म्हणून तरुण दिसतायत. आता केस बरेच पिकलेत वहिनींचे. आणि चष्मा लागलाय. काल पावसाने काचा भिजल्या, तर पदराने पुसत हुत्या."

सुनंदाला चष्मा नव्हता. गेली तेव्हा डोक्यात एक पांढरा केस नव्हता.

मी त्यांना सांगितलं. ती आठ वर्षांपूर्वीच गेली असं सांगितल्यावर कमलताई भिंतीला धरून खाली बसल्या. मी पाणी दिलं. भांडं खाली ठेवत त्या म्हणाल्या, "थांबा म्हटलं मी त्यांना, पाऊस हाय. तर म्हणाल्या, न्हाय, सवय झालीय."

त्यानंतर वर्ष होत आलं. कमलताईंना भास झाला म्हणावं, तर घावनाचं त्यांना कसं कळलं? कोणी चेष्टा केली म्हणावं, तर सुनंदाचा तीळ इथे कोणाला ठाऊक? सगळे पार्ट सुटे करून पाहिले, माझ्या हाताला काही लागलं नाही. त्या वहिनी मात्र परत कधी कोणाला दिसल्या... दिसली नाही.

भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटली. एकच गोष्ट मनातून जात नाही. ती असती तर यंदा पंचावन्नची झाली असती. केस पिकले असते, चष्मा लागला असता.

इतकी वर्षं मला वाटत होतं, म्हातारा मी एकटाच होतोय.