गजर होईपर्यंत

विनयाला दिवसातला एक तास मिळवून दिला तो तिच्या नवऱ्याने, श्रीनिवासने. नाहीतर कोल्हापूरहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आलेल्या या बाईने लग्नानंतरच्या सात वर्षांत एकही चित्र पुरं केलं नव्हतं. जलरंगाचं काम म्हणजे तान्ह्या पोरापेक्षा हट्टी. कागद ओला आहे तोवर जे काय ते करून घ्यायचं. मध्येच कुणी ‘आई, शू’ म्हणालं की संपलं. परत येईपर्यंत रंग वाळून त्याला कड पडलेली असायची. घरात सहा वर्षांची नीलिमा आणि दोन वर्षांचा श्रीपाद, म्हणजे कड पडायला काय उशीर!

श्रीनिवास डेराबस्सीला औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होता. एका रविवारी त्याने गजराचं घड्याळ आणलं आणि नीलिमाला पुढ्यात बसवलं.

“हे घड्याळ तुझं. तीन ते चार आई आतल्या खोलीत चित्र काढणार. गजर होईपर्यंत दार वाजवायचं नाही.”

“और आपका फोन आया तो?” पोरीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत.

“माझा आला तरी नाही!”

पोरीने ते शब्द अगदी मनावर घेतले. श्रीपाद झोपला की ती दाराबाहेर स्टूल टाकून बसायची, मांडीवर घड्याळ. गजर वाजला की दार उघडायचं, आणि मग पुढचा तास पोरांचा. उरलेला रंग, वापरलेले कागद आणि तिघांचे बरबटलेले हात. विनया तेव्हा सुखात होती. सहा महिन्यांत तिची अकरा चित्रं झाली.

अठ्ठ्याऐंशी साल होतं, तिकडे अतिरेक्यांचे दिवस. संध्याकाळी माणूस वेळेवर घरी आला की बायका देवाला हात जोडायच्या. एका दुपारी साडेतीनला खालच्या मजल्यावरून पंजाबी घरमालकीण बीजींनी हाक मारली, “नीलू पुत्तर, मम्मीनू बुला, पापा दा फोन!” नीलिमा स्वतःच पळत खाली गेली. बोलली, वर आली, परत स्टुलावर बसली. चार वाजता गजर झाला तेव्हा ती ऐटीत म्हणाली, “पप्पा का फोन था. मैंने डिस्टर्ब नहीं किया. पप्पा ने शाबाश बोला.”

विनयानेही तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, “शाबास गं माझी राणी.”

संध्याकाळची बस झिरकपूरच्या अलीकडे बंदूकवाल्यांनी अडवली. श्रीनिवास तिच्यात होता. तो घरी आला तो पांढऱ्या चादरीत.

तेराव्याला त्याचा कारखान्यातला मित्र नंदकुमार आला. बिचारा धीर द्यायला आला होता. “वहिनी, त्या दिवशी रस्त्याची बातमी वाईट होती. आम्ही सगळे कारखान्यातच राहिलो. श्रीनिवास म्हणाला, विनयाला विचारतो, राहू का येऊ. फोन ठेवून हसत आला. म्हणाला, ती रंगात आहे, उठवत नाही. घरीच जातो झालं.”

‘राहा’ एवढंच तर म्हणायचं होतं. दोन अक्षरं! विनयाने तोंडात पदर कोंबला. पोरं गच्चीवर आहेत, एवढंच त्यात बरं, असं तिला वाटलं. त्या क्षणी तिने एकच गोष्ट ठरवली. हे नीलिमाला कधी कळू द्यायचं नाही. कळलं तर पोर जन्मभर त्या स्टुलावरून उठणार नाही.

आता चित्र काढणं थांबवलं असतं, तर पोरीने विचारलं असतं, का थांबलीस? आणि ‘का’चं उत्तर एकच होतं. म्हणून महिन्याभराने विनयानेच घड्याळाला किल्ली दिली. सकाळी एका शाळेत ड्रॉइंग शिकवायची, दुपारी तीनला आत जाऊन दार लावायची. ब्रश हातात धरवत नसे. ती कागद नुसता पाण्याने भिजवायची, पेल्यात थोडा निळा कालवून ठेवायची आणि पदरात तोंड घालून रडायची, आवाज बाहेर जाऊ न देता. चारला डोळे पुसून दार उघडायची. बाहेर स्टुलावर नीलिमा असायचीच. असं एक-दोन नाही, चार वर्षं.

चौथ्या वर्षी एका दुपारी गजराच्या आधीच दार वाजलं. विनया दचकली. दारात नीलिमा उभी होती, दहा वर्षांची, हातात घड्याळ.

“श्रीपाद पडला का गं?”

“नाही.” ती आत आली. टेबलावरच्या भिजलेल्या कागदावर तिने बोट फिरवलं आणि बोट उलटं करून पाहिलं. मग मराठीत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, “आई, तू चित्र नाही काढत. नुसतं पाणी लावते.”

विनयाने पदराने डोळे टिपले. “कधी कळलं तुला?”

“पहिल्यापासून. वाळलेले कागद मीच तर उचलते.”

“मग रोज बाहेर का बसत होतीस?”

“मी उठले असते, तर तुला वाटलं असतं, हिला कळलंय.” तिने घड्याळ घट्ट धरलं. “नंदूकाका बोलत होते ना, तेव्हा मी पाणी प्यायला खाली आले होते. दाराच्या मागे होते.”

विनयाने तिला ओढून कुशीत घेतलं. काहीतरी बोलायला हवं होतं. तुझी चूक नव्हती बाळा, पप्पांनीच तर सांगितलं होतं. ती ते बोललीही, पुन्हा पुन्हा बोलली. पोर “हो” म्हणत राहिली, जसं मोठ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून म्हणतात.

चार वाजले. तिच्या हातातलं घड्याळ खणखणू लागलं. दोघींपैकी कुणीच ते बंद केलं नाही. किल्ली संपेपर्यंत ते वाजत राहिलं.