भिंत डावीकडे, मी उजवीकडे

आमचा संघ सकाळीच गाड्या काढून हेर्त्सोगेनआउराखला गेला आणि मी इंगोलश्टाटच्या फलाटावर उरलो. प्रशिक्षक होल्गरने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "तुझं हेल्मेट आणि खांद्याची पॅडं डिकीत टाकतो. तू ट्रेननं ये." म्हणजे माझ्या सामानाला जागा होती, मला नव्हती. पिशवीत बूट आणि खेळाचा शर्ट घेऊन मी ट्रेनची वाट बघत होतो.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा. जर्मनीत हे सांगितलं की जर्मन माणूससुद्धा भुवया उंचावतो. पाच धिप्पाड गडी खांद्याला खांदा लावून भिंत करतात, त्यांच्या आडून एकजण चेंडू फेकतो आणि पुढे पळणारा तो झेलतो. कॉलेजात मी परभणीकडून कबड्डी खेळायचो, त्यामुळे साखळी कशी धरतात हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या माणसाचा मी मुलगा, घरातला पहिला पदवीधर. हे मी कुठेही सांगतो. पण इथल्या फेराइनमध्ये (हौशी मंडळात) पूर्ण हंगाम मी बाकावर बसून काढला. कामावरचा माझा प्रकल्प संपला होता, पुढच्या महिन्यात पुण्याला परतायचं होतं, आणि चेंडू अजून हाताला लागला नव्हता.

त्यात होल्गरला रचनांचं वेड. कारखान्यात कुठलं यंत्र कुठे ठेवायचं हे ठरवायची त्याची नोकरी, म्हणून मैदानातही तो माणसं यंत्रांसारखी हलवायचा. एकदा भिंतीचे तीन तुकडे केले. आमचेच गडी एकमेकांवर आदळले. एकदा चेंडू फेकणारे दोन ठेवले; दोघांनाही वाटलं दुसरा फेकेल. शेवटी त्याने 'फाटक' काढलं. अख्खी भिंत मैदानाच्या डाव्या टोकाला. मधोमध फक्त चेंडू देणारा आणि त्याच्यामागे फेकणारा. आणि उजवीकडे, कडेच्या रेषेजवळ, एकटा मी. समोरचे भिंतीकडे धावणार आणि चेंडू माझ्याकडे येणार. हे एकदाच जमतं, दुसऱ्यांदा कोण फसेल? हंगामाच्या शेवटच्या सामन्यात ते एकदाच होणार होतं आणि त्यासाठी होल्गरने मला निवडलं होतं. का, तर मला कुणी ओळखत नव्हतं.

बाबांनी माझी कबड्डी कधी पाहिली नाही. जिनिंगची पाळी सोडून येता यायचं नाही. म्हणून माझा मित्र समीर, जो म्युनिकला पीएचडी करतो, खास व्हिडिओ काढायला आला होता.

फलाटावर मोठी बॅग घेतलेली एक तरुणी आली. "तुमच्या बायर्न-तिकिटावर जागा आहे का?" तिने जर्मनमध्ये विचारलं. या एका तिकिटावर पाच जणांना जाता येतं आणि अनोळखी माणसाला सोबत घेणं ही इथली रीतच. समीरने तिचं नाव तिकिटावर लिहून घेतलं: नेहा. रंग आपल्यासारखा, जर्मन मात्र अस्सल बव्हेरियन.

"केरळची असेल," समीर मला मराठीत म्हणाला आणि ब्रेत्सेल (पीळ घातलेला खारा पाव) आणायला गेला. तेवढ्यात गाडी आली. गर्दी होती. मी आधी चढलो आणि काय करावं, हाताला आला तो खेळाचा शर्ट बाकावर टाकून समीरची जागा धरली. आमच्या सेलूच्या एसटीत रुमाल टाकायची सवय, ती कुठे जाते. समीर आल्यावर शर्ट खिडकीजवळच्या हुकाला अडकवला. नेहा समोर बसली आणि तिने कानात इअरफोन घातले.

निसर्ग बघावा म्हटलं तर या मार्गावर बोगदेच बोगदे. जरा चुनखडीचा कडा दिसतो, खाली नदी दिसते, की लगेच अंधार. आधी बाबांच्या गोष्टी निघाल्या, मग मी समीरला ब्रेत्सेलवरच्या मिठाचे खडे मांडून फाटक समजावलं. "ही भिंत. हा फेकणारा. हा मी. तू कॅमेरा माझ्यावर ठेव, भिंतीकडे ढुंकूनही बघू नकोस."

"आणि तुझ्या हातून चेंडू सुटला तर?"

"तर बाबांना तुझा चेहरा दाखवू."

बोलण्याच्या नादात न्युरेनबर्ग आलं. धावत गाडी बदलली, त्यात नेहा कुठे गेली कळलं नाही. मग एर्लांगेन, तिथून बस. मैदानावर पोहोचून पिशवी उघडली तर बूट होते. शर्ट हुकालाच राहिला होता.

समीर म्हणाला, "जागा चांगली धरलीस. म्युनिकला परत जाईपर्यंत कुणी बसणार नाही."

होल्गर पंचांना फाटक समजावत होता. विचित्र रचना असली की आधी सांगायचं, ही पद्धत. चुंबकांची पाटी घेऊन प्रत्येकजण कुठे उभा राहणार हे तो सांगत होता, आणि पंचांमध्ये काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टात नेहा उभी होती. आमच्याच तिकिटावर पंच आली होती. मी मान डोलावली, तिने नाही डोलावली. मी खोक्यातून जादाचा शर्ट काढला. एकसष्ट नंबर. रंग तोच, मापही बरोबर. होल्गर म्हणाला, "गूट (छान)," आणि पुन्हा पाटीत डोकं घातलं.

मग तासन्‌तास बाकावर. जत्रेत असावा तसा ब्राटवुर्स्टचा (भाजलेल्या सॉसेजचा) धूर तोंडावर येत होता आणि पॅडं घातलेल्या माणसाला काही खायची मुभा नव्हती. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की सहा गुण; आम्ही चार गुणांनी मागे होतो, वेळ संपत आली, आणि होल्गर ओरडला, "फाटक."

भिंत डावीकडे गेली. समोरचे गोंधळले, एकमेकांना हाका मारत तिकडे धावले. माझ्यासमोर मोकळं गवत. चेंडू आला, छातीशी धरला आणि पळालो. मागे पायांचा आवाजसुद्धा नव्हता. शेवटची रेषा ओलांडून वळलो तर आमचे गडी नाचत होते आणि मैदानात एक पिवळा रुमाल, म्हणजे पंचांची चुकीची खूण, पडला होता. नेहाने टाकलेला.

पन्नास ते एकोणऐंशी हे नंबर भिंतीतल्या माणसांचे. त्यांनी ढकलायचं, पुढे फेकलेला चेंडू झेलायचा नाही. माझा शर्ट अठ्ठ्याऐंशीचा होता, तो गाडीत राहिला. नंबराला काही अर्थ असतो हे मला अख्ख्या हंगामात कुणी सांगितलं नव्हतं. होल्गरने पंचांना सगळं सांगितलं होतं, फक्त माझ्या पाठीकडे बघितलं नव्हतं. गुण रद्द, सामना हरलो.

परतीच्या फलाटावर नेहा इअरफोन घालून आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. माझं डोकं तापलेलंच होतं. समीरला म्हणालो, "हिला आपण फुकट आणली आणि हिनंच आपल्याला बुडवलं. हिला राहू दे इथंच."

तिने एक इअरफोन काढला आणि जर्मनमध्ये म्हणाली, "गेनाऊ (बरोबर), पण तिकिटावर माझं नाव लिहिलंय."

समीरने आपल्या बुटांकडे बघितलं.

"आल्झो (तर)," ती म्हणाली, "माझी आई साताऱ्याची आहे."

"मग सकाळी बोलायचं नाही का?" मी मराठीत.

"तुम्ही वडिलांबद्दल बोलत होतात, मध्ये कसं बोलणार," ती जर्मनमध्ये. "नंतर मिठाचे खडे मांडलेत, तेव्हा फारच उशीर झाला होता. मुख्य पंचांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, तूच त्या बाजूला उभी राहा."

"मी एकसष्ट घातलेला दिसला होता ना?"

"याऽ, दिसला. पण खेळाडूला सांगणं शीरीचं (पंचाचं) काम नाही."

नियमाने वागणाऱ्या माणसावर चिडताही येत नाही, आणि न चिडताही राहवत नाही. बोगदे आले, गेले. हुक रिकामा होता. गाडीच दुसरी होती. इंगोलश्टाटला उतरताना ती पहिल्यांदा मराठीत म्हणाली, अडखळत, "दादा, पळालात छान."

पुढच्या महिन्यात सेलूला गेलो. बाबांना व्हिडिओ दाखवला, सगळा, रुमालासकट. खोटं दाखवायचं नव्हतं. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"रुमाल कुणाचा पडला रं?"

"पंचाचा. मी बाद होतो."

"कुणी धरलं होतं तुला?"

"नाही."

"रेषेबाहेर गेलतास?"

"नाही, बाबा."

"मग बाद कसा?"

मी नंबर सांगितले, भिंत सांगितली, शर्ट कसा राहिला ते सांगितलं. आईच्या ताटातले शेंगदाणे मांडून फाटकही दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि व्हिडिओ पुन्हा लावला. मी मोकळ्या गवतात पळत होतो, मागे कुणी नव्हतं. रुमाल पडायच्या आधी त्यांनी बोट टेकवून व्हिडिओ थांबवला आणि फोन शेजारच्या काकांकडे दिला.